आकाशांतील तारे व मनुष्याचें दैव

मनुष्याचें बरेंवाईट ताऱ्यांच्या हातीं आहे काय? हा प्रश्न फार प्राचीन आहे, आणि आमच्या खेडेगांवच्या मंडळ्यांतून तो अद्यापि नाहींसा झालेला नाहीं. रविवारीं आपण मंदिरांत एका देवाचें भजन करितों, परंतु मुलीच्या सोयरिकीची वेळ आली, मूल मूळ नक्षत्रावर जन्मलें असें शेजारणीनें सांगितलें, किंवा एकाच वर्षांत घरांतून दोन प्रेतें निघालीं, म्हणजे पुष्कळांचें मन आंतल्या आंत विचारूं लागतें कीं, "हा ग्रहांचा तर कोप नसेल ना?" असें विचारणाऱ्यास दटावून गप्प बसविणें सोपें आहे, पण दटावल्यानें भय जात नाहीं, तें फक्त लपतें. यास्तव पवित्र शास्त्रांत ताऱ्यांविषयीं काय शिकविलें आहे, तें आम्ही येथें क्रमानें पाहणार आहों. वाचकांनीं, विशेषतः उपदेशकबंधूंनीं, शास्त्र जवळ घेऊन दिलेलीं स्थळें उघडून पाहावीं.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून आरंभ करूं. चौथ्या दिवशीं देवानें आकाशांत ज्योति केल्या व त्यांचें काम नेमून दिलें: दिवस व रात्र वेगळीं करणें, ऋतु, दिवस व वर्षें यांच्या खुणा दाखविणें, आणि पृथ्वीवर उजेड पाडणें (उत्पत्ति १:१४–१८). येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्या ठिकाणीं सूर्य व चंद्र यांचीं नांवेंच येत नाहींत. एक मोठी ज्योति व एक लहान ज्योति, एवढेंच म्हटलें आहे. हें विस्मरणानें झालेलें नाहीं. इब्री भाषेंत सूर्यास शेमेश म्हणतात, आणि बाबेलच्या लोकांच्या सूर्यदेवाचें नांव शमाश होतें. हीं दोन्ही नांवें एकाच मूळाचीं. त्यांचा चंद्रदेव सीन, शुक्राची चांदणी म्हणजे इष्टार देवी, आणि गुरु हा मार्दुक देवाचा ग्रह. ज्या जगांत आकाशांतील तेजस्वी वस्तूंस देवळें व पुजारी होते, त्या जगांत शास्त्र सांगतें कीं, हे देव नव्हेत, हे दिवे आहेत. आणि ज्या ताऱ्यांपुढें मोठमोठीं राज्यें थरथर कांपत, त्यांची उत्पत्ति सांगण्यास इब्री मूळांत अवघे दोन शब्द पुरले आहेत. दिवा घरधन्यानें लावावा, घरांतल्यांनीं त्याच्या उजेडांत काम करावें. घराचा कारभार दिवा चालवीत नाहीं.

मग ताऱ्यांकडे पाहूंच नये कीं काय? तसें नाहीं. ते खुणा दाखविण्यासाठींच केले आहेत, आणि शेतकऱ्यास या खुणा चांगल्या ठाऊक आहेत. जूनच्या ७ तारखेच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रांत येतो, आणि त्या हिशेबानें आपण पेरणीची तयारी करितों. मृगाचे तारे पाऊस पाडीत नाहींत; त्या दिवसांत ते सूर्याच्या तेजांत बुडालेले असतात व रात्रीं दिसतहि नाहींत. ते केवळ वर्षाचा कांटा कोठें आला आहे तें सांगतात. ईयोबाच्या ग्रंथांत (९:९; ३८:३१) व आमोसाच्या ग्रंथांत (५:८) कृत्तिका व मृग यांचा उल्लेख आहे. आमोस हा तकोवा येथील मेंढपाळ. रात्र रात्र उघड्या रानांत घालविणाऱ्या त्या मनुष्यानें हीं नक्षत्रें पाहिलीं, तीं ओळखलीं, आणि लोकांस सांगितलें कीं, ज्यानें हीं केलीं त्याचा शोध करा. घड्याळाचा उपयोग करावा, पण घड्याळास धनी म्हणूं नये, हा भेद एकदां समजला म्हणजे पुढील सर्व शिक्षण सुगम होतें.

आतां अब्राहामाकडे वळूं. खास्द्यांचें ऊर व हारान हीं त्याच्या प्रवासांतील दोन्ही नगरें चंद्रदेवाच्या पूजेविषयीं प्रसिद्ध होतीं, आणि त्याचा बाप तेरह अन्य देवांची सेवा करीत असे, असें यहोशवा स्पष्ट सांगतो (यहोशवा २४:२). अशा घराण्यांतल्या पुत्रहीन वृद्धास देवानें रात्रीं बाहेर नेलें आणि तारे मोजण्यास सांगितलें. तुझी संतति अशीच होईल असें वचन दिलें (उत्पत्ति १५:५). नुसत्या डोळ्यांनीं सर्व आकाशांत मिळून सुमारें सहा हजार तारे दिसूं शकतात, आणि एका वेळीं त्यांतले निम्मेच क्षितिजाच्या वर असतात. परंतु ज्या आकाशगंगेंत आपण राहतों, तिच्यांत निदान दहा हजार कोटि तारे असावेत, असें आजचे शास्त्रज्ञ मानतात. अब्राहामास हें ठाऊक नव्हतें. त्याला एवढेंच कळलें कीं, ज्यांच्यापाशीं आपले पूर्वज भविष्य विचारीत, त्यांस आज देव आपल्या वचनाची केवळ साक्ष म्हणून बोलावीत आहे. त्यानें ताऱ्यांवर विश्वास ठेविला नाहीं. ताऱ्यांखालीं उभा राहून देवावर विश्वास ठेविला.

इस्राएल लोकांस हें सहज साधलें असें मात्र नाहीं. अनुवादांत त्यांस बजावून सांगितलें होतें कीं, वर दृष्टि करून सूर्य, चंद्र व तारे यांस पाहतांना मोह पडून त्यांस नमन करूं नका (अनुवाद ४:१९). तरी मनश्शे राजानें परमेश्वराच्या मंदिराच्या दोन्ही अंगणांत आकाशांतील सर्व सैन्यासाठीं वेद्या बांधिल्या. आणि त्याच राजानें यरुशलेम निर्दोष रक्तानें भरून टाकिलें (२ राजे २१:५, १६). पुढें इ. स. पू. ६२२ च्या सुमारास योशीया राजानें त्या वेद्या मोडिल्या, व सूर्य, चंद्र आणि राशी यांपुढें धूप जाळणाऱ्यांस काढून टाकिलें (२ राजे २३:५, १२). तितक्यानेंहि लोकांच्या मनांतलें मूळ उपटलें नाहीं, म्हणून यिर्मयास पुन्हा सांगावें लागलें कीं, आकाशांतील चिन्हांनीं इतर राष्ट्रें घाबरतात, तुम्ही घाबरूं नका (यिर्मया १०:२). वाचकहो, देवाच्या निवडलेल्या लोकांस जें सोडण्यास शेंकडों वर्षें लागलीं, तें आपल्या शेजाऱ्यांस किंवा आपल्या वृद्ध आईबापांस एका दिवसांत सुटत नाहीं, म्हणून त्यांची थट्टा करणें आपणांस शोभत नाहीं.

यहूदी पंडितांमध्येंहि या विषयावर पुष्कळ वाद झाला. राशीस इब्री भाषेंत मज्जाल म्हणतात. मनुष्याचें शहाणपण व धन मज्जालावर अवलंबून आहे, असें तालमुदांत हनीना नांवाच्या गुरूचें मत दिलें आहे. आणि इस्राएलावर कोणत्याहि मज्जालाची सत्ता नाहीं, असें योहानान गुरूचें मत त्याच ठिकाणीं आहे. आकर्षण किती मोठें होतें, हें त्यांच्या प्राचीन सभास्थानांवरूनहि दिसतें. बेथ आल्फा येथें सहाव्या शतकांतील एका सभास्थानाची फरसबंदी १९२८ सालीं पाट खणतांना सांपडली. तिच्या मधोमध बारा राशींचें चक्र रंगीत दगडांनीं काढलेलें आहे. परंतु दुसऱ्या बाजूस, मोशे मैमोनीदीस या थोर यहूदी पंडितानें बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समधील आपल्या धर्मबंधूंस पत्र लिहून फलज्योतिष हें मुळींच शास्त्र नव्हे असें निक्षून सांगितलें.

त्याच तालमुदांत अकीबा गुरूच्या कन्येची एक गोष्ट आहे. लग्नाच्या दिवशीं ती सर्पदंशानें मरेल असें ज्योतिष्यांनीं भाकीत केलें होतें. लग्नाच्या रात्रीं तिनें केसांतली सळई काढून भिंतीच्या फटींत खोंचली. सकाळीं ती ओढितांच सळईबरोबर मेलेला साप बाहेर आला. बापानें विचारिलें, "मुली, काल तूं काय केलेंस?" तिनें सांगितलें कीं, संध्याकाळीं एक भिकारी दाराशीं आला होता; सर्व मंडळी जेवणांत गुंतली होती व कोणी त्याची हांक ऐकिली नाहीं, तेव्हां आपल्या वाट्याचें अन्न आपण त्याला दिलें. ही गोष्ट शास्त्रवचन नव्हे, आणि दानधर्म हा सापावरचा मंत्र आहे असें तिच्यावरून कोणीं समजूं नये. तथापि तिचें मर्म उत्तम आहे. ज्योतिषी आकाशाकडे पाहत होते. ती मुलगी दाराकडे पाहत होती.

आणखी एक दाखला आपल्या महाराष्ट्रांतलाच आहे. शनि या ग्रहास तालमुदांत शब्बताई म्हणतात, कारण यहूद्यांचा शब्बाथ शनिवारीं येतो. कोंकणांत, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यांत, बेने इस्राएल लोक पिढ्यानपिढ्या तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत; म्हणून गांवकरी त्यांस शनवार तेली म्हणत. सभोंवतालचे लोक ज्या वाराला एका क्रूर ग्रहाचा वार म्हणून भीत, तोच वार या लहानशा समाजानें देवाच्या विसाव्याचा दिवस म्हणून आनंदानें पाळिला. वार तोच, ग्रह तोच. धनी कोण मानला, एवढाच भेद.

ख्रिस्ती मंडळीच्या प्राचीन गुरूंपैकीं ऑगस्तीन यानें तरुणपणीं फलज्योतिषाचा नाद केला होता. तो कसा सुटला हें सांगतांना त्यानें इ. स. ४०० च्या सुमारास फिर्मिनुस नांवाच्या मित्राची हकीकत लिहून ठेविली आहे. फिर्मिनुसाच्या बापास व बापाच्या एका स्नेह्यास ताऱ्यांचा मोठा अभ्यास. फिर्मिनुसाची आई गरोदर असतांना त्या स्नेह्याची एक दासीहि गरोदर होती. दोघींचे दिवस व घटका मोजण्यांत आल्या, आणि दोघी एकाच क्षणीं प्रसूत झाल्या. बातमी घेऊन दोन्ही घरांतून निघालेले जासूद वाटेच्या बरोबर मध्यावर एकमेकांस भेटले. दोन्ही मुलांची कुंडली अक्षराचाहि फरक न होतां एकच. तरी फिर्मिनुस धनवान् व मानमरातबाचा धनी झाला, आणि दासीचा मुलगा दास होता तो दासच राहिला.

या हकीकतीवर आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें, कारण ती आमच्या मंडळ्यांच्या काळजाशीं भिडते. त्या दासाचें दास्य ताऱ्यांनीं लिहिलें नव्हतें. तें माणसांनीं लिहिलें होतें, आणि माणसांनीं लिहिलेलें माणसांस पुसतां येतें. आमच्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस असें सांगण्यांत आलें होतें कीं, तुमची पायरी जन्माबरोबरच ठरली. तुम्हीं गांवाबाहेर राहावें, दुसऱ्या पाणवठ्यावर जावें, आणि याबद्दल कोणास बोल लावूं नये, कारण दोष कोणा माणसाचा नसून तुमच्या दैवाचा आहे. दैवाच्या शिकवणीचें हें सर्वांत वाईट फळ होय. ती अन्याय करणाऱ्यास निर्दोष ठरविते, आणि अन्याय सोसणाऱ्याकडून तक्रारीचा हक्कहि काढून घेते. सावकारानें खोटा हिशेब लिहिला, तर तो शनीच्या माथीं मारूं नये. मूल ओकारी व जुलाबानें मेलें आणि विहिरीचें पाणी घाण होतें, तर नक्षत्रास दोष देऊन विहीर तशीच ठेवणें हें पाप आहे. देवानें काइनास विचारिलें, तुझा भाऊ कोठें आहे? ग्रहदशा बरी नव्हती असें उत्तर देऊन काइन सुटला नसता.

येथें कोणी शंका घेईल कीं, बेथलेहेमच्या ताऱ्याचें काय? ज्ञानी लोक तर तारे पाहणारेच होते, व देवानें त्यांस ताऱ्यानेंच आणिलें (मत्तय २). शंका वाजवी आहे. तो तारा कोणता होता याविषयीं अनेक तर्क आहेत. योहान केप्लर या ज्योतिर्विदानें सतराव्या शतकाच्या आरंभीं गणित करून इ. स. पू. ७ मधील गुरु व शनि यांच्या युतीकडे लक्ष वेधिलें. दुसरे कित्येक त्यास धूमकेतु म्हणतात. मत्तयानें तें सांगितलें नाहीं, व आपल्या तारणास त्याची गरज नाहीं. पण घटनेचा क्रम पाहा. ताऱ्यावरून राजा जन्मला एवढें त्यांस कळलें. कोठें, तें कळलें नाहीं. म्हणून ते यरुशलेमांत येऊन विचारूं लागले. गांवाचें नांव सांगितलें तें मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथानें (मीखा ५:२). मग तारा पुन्हा त्यांच्यापुढें चालला. आणि बेथलेहेमांत पोहोंचल्यावर त्यांनीं ताऱ्यास नमन केलें नाहीं, बालकास केलें. जो तारा आपल्याकडे न ओढितां ख्रिस्ताकडे नेतो, तो चाकर. जो मनुष्यास आपल्यापाशींच खिळवून ठेवितो, तो फसविणारा. एक दुःखाची गोष्टहि येथेंच आहे: मीखाचें वचन ज्यांस तोंडपाठ होतें, ते याजक व शास्त्री यरुशलेमांतून हललेहि नाहींत. शास्त्र जाणणाऱ्या घरच्यांपेक्षां परदेशांतील तारे पाहणारे पुढें गेले. उपदेशकबंधूंनो, हें आपणांसाठीं लिहिलें आहे.

ताऱ्याचें भाकीत मनुष्यांनीं आपल्या इच्छेप्रमाणें वापरिलें म्हणजे काय होतें, याचेंहि उदाहरण आहे. याकोबांतून एक तारा उदय पावेल असें बलाम बोलला होता (गणना २४:१७). इ. स. १३२ मध्यें रोमी राज्याविरुद्ध उठलेल्या शिमोन नांवाच्या पुढाऱ्यास हें वचन लावून अकीबा गुरूनें त्यास मशीहा मानिलें, व लोक त्यास बार कोखबा, म्हणजे ताऱ्याचा पुत्र, म्हणूं लागले. तीन वर्षांनीं बंड मोडलें, देश उजाड झाला, आणि मागून त्याचेंच नांव फिरवून लबाडीचा पुत्र असें करण्यांत आलें. १९६० सालीं मृत समुद्राजवळील एका गुहेंत त्याचीं पत्रें सांपडलीं. त्यांत त्याचें खरें नांव बार कोसिबा असें आहे. शूर मनुष्य होता, पण तारा नव्हता.

याहून खोल शंका अशी कीं, सर्व कांहीं देवाच्या इच्छेनें होतें असें म्हटलें, म्हणजे तेंहि दैवच नव्हे काय? नांव मात्र बदललें. आमचें उत्तर असें. दैवाला कान नाहींत. त्याच्यापुढें रडतां येत नाहीं, त्याच्याशीं वाद करितां येत नाहीं, आणि त्याला दया येत नाहीं. देवाचें तसें नाहीं. चाळीस दिवसांत निनवे नगर उलथून पडेल असें योनानें पुकारिलें. तरी लोकांनीं आपला वाईट मार्ग सोडिला, तेव्हां देवानेंहि तें अरिष्ट आणिलें नाहीं (योना ३). ज्योतिषी म्हणाला असता, भाकीत चुकलें. योना यावरच रागावला. परंतु देवाच्या दृष्टीनें भाकीत चुकणें हाच त्या भाकिताचा हेतु होता. दैव सांगतें, असें होणार, तूं कांहीं कर अथवा न कर. देव सांगतो, असें होईल, म्हणून फीर. पहिल्यानें मनुष्य दगड होतो. दुसऱ्यानें तो पुत्र होतो.

रोमकरांस लिहितांना पौल म्हणतो कीं, ख्रिस्तांत असलेल्या देवाच्या प्रीतीपासून उंची किंवा खोली आपणांस वेगळें करूं शकणार नाहीं (रोम. ८:३९). ग्रहाच्या उच्च स्थानास ग्रीक ज्योतिषी जो शब्द लावीत, तोच येथें उंचीसाठीं आला आहे. म्हणून कित्येक टीकाकार असा अर्थ घेतात कीं, ग्रह उच्चीचा असो वा क्षितिजाखालीं बुडालेला असो, त्याला ही प्रीति तोडतां येत नाहीं. ज्यांच्या शेजारीं आजहि उच्चीचे व नीचीचे ग्रह सांगितले जातात, त्या आमच्या लोकांस हें वचन समजण्यास अडचण पडूं नये.

आतां आचरणाविषयीं दोन शब्द. एखाद्या मुलीच्या पत्रिकेंत मंगळ आहे म्हणून तिला नाकारणें, किंवा मूळावर जन्मलेल्या बालकास अपशकुनी म्हणणें, हें ख्रिस्ती घरांत कदापि होऊं नये. त्या मुलीनें व त्या बालकानें काय अपराध केला? लग्न ठरवितांना वधूवरांची संमति, स्वभाव, आरोग्य व विश्वास पाहावा. त्यांच्या जन्माची घटका पाहूं नये. आणि आपले स्वतःचे नवे शकुनहि निर्माण करूं नयेत. डोळे मिटून शास्त्र उघडावें व बोट पडेल त्या ओळीवरून प्रवासास निघावें कीं नाहीं तें ठरवावें, किंवा आजाऱ्याच्या उशीखालीं शास्त्र ठेवून वैद्याकडे जाण्याचें टाळावें, हें जुनेंच पंचांग नव्या वेष्टनांत गुंडाळण्यासारखें आहे. शास्त्र वाचण्यासाठीं व पाळण्यासाठीं दिलें आहे.

शेवटीं, शास्त्र ताऱ्यांस आणखी एक काम सांगतें: ते विश्वासणाऱ्यांचें चित्र आहेत. जे पुष्कळांस नीतिमत्तेकडे वळवितात, ते ताऱ्यांप्रमाणें चमकतील असें दानीएल सांगतो (१२:३). प्रकटीकरणांत सात ताऱ्यांचा अर्थ सात मंडळ्यांचे दूत असा दिला आहे, आणि ते तारे प्रभूच्या उजव्या हातांत आहेत (१:२०). म्हणजे मनुष्य ताऱ्यांच्या हातीं नसून तारे मनुष्याच्या पुत्राच्या हातीं आहेत. तथापि असेहि प्रसंग येतात कीं, एकहि तारा दिसत नाहीं. पौलाचें जहाज वादळांत सांपडलें असतां पुष्कळ दिवस सूर्य दिसला नाहीं व तारेहि दिसले नाहींत, आणि सर्वांची आशा सुटली (प्रे. कृ. २७:२०). त्या काळोखांत देवाचा दूत पौलाजवळ उभा राहिला, व जहाजावरील दोनशें शाहात्तर माणसांपैकीं एकहि दगावला नाहीं. एकशें सत्तेचाळिसाव्या स्तोत्रांत दोन गोष्टी लागोपाठ सांगितल्या आहेत: परमेश्वर भग्न हृदयाच्या लोकांस बरें करितो व त्यांच्या जखमा बांधितो, आणि तो ताऱ्यांची संख्या मोजून त्या सर्वांस नांवें देतो (१४७:३, ४). ज्याला इतके तारे मोजावयाचे आहेत, त्याला एका खेड्यांतल्या एका झोंपडींतील विधवेचें नांव कसें ठाऊक असेल, असें भय वाटतें खरें. परंतु स्तोत्रकर्त्यानें जखमा आधीं सांगितल्या व तारे मागून. ज्या घरांत या वर्षीं दोन मृत्यु झाले, त्या घरीं जाऊन उपदेशकानें हीं दोन वचनें त्याच क्रमानें वाचावीं, आणि मग कांहीं वेळ त्या मंडळींजवळ नुसतें बसावें.